मनाचे दुखणे आणि रजेचा अर्ज
(तरुण कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी कामाच्या ठिकाणी कसे बोलावे : एक अभ्यास)

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांआधी आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याची आपल्या संस्थेची जुनी प्रथा आहे. मधुमेह, काचबिंदू, नेत्रदान, सर्पदंश असे विषय आजवर या पानांवर येऊन गेले व ते आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी लिहिले. यंदाचा विषय मनाच्या आजाराचा असला तरी त्यातील वैद्यकीय भाग थोडा आणि कार्यालयीन भाग मोठा आहे. म्हणून विश्वस्त मंडळाने हे काम प्रशासन विभागाकडे सोपविले. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी. आजार व औषधे यांविषयी पुढे जे काही आले आहे, ते आपल्या मानसोपचारतज्ज्ञांनी नजरेखालून घातले आहे.

रजेच्या अर्जापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल. आपल्या छापील अर्जात ‘रजेचे कारण’ असा एक रकाना आहे. वर्षानुवर्षे त्यात ठरावीक शब्द येतात : ताप, पित्त, पोटदुखी, घरगुती अडचण, नात्यात लग्न. ‘रात्र रात्र झोप लागत नाही’, ‘कामावर यायच्या विचाराने छातीत धडधडते’, ‘कारण नसताना रडू येते’ असे वाक्य त्या रकान्यात वाचल्याचे आस्थापना विभागातील कोणासही स्मरत नाही. असे कोणालाच होत नसेल, हे संभवत नाही. तो अर्ज कोणाकोणाच्या हातून जातो हे पाहिले म्हणजे उलगडा होतो. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, मेट्रनचे कार्यालय, आस्थापना लिपिक आणि शेवटी पगारपत्रक तयार करणारा विभाग असा त्या कागदाचा प्रवास असतो. चार टेबलांवर वाचल्या जाणाऱ्या कागदावर तेवीस वर्षांची मुलगी आपल्या मनाचे दुखणे लिहिणार नाही. ती ‘ताप’ लिहिते, आणि तसे लिहिण्यात तिचा व्यवहारीपणाच आहे.

हा ताप मात्र विशिष्ट दिवशी येतो. रात्रपाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी येतो, साप्ताहिक सुटीला जोडून येतो, आणि तीनचार महिन्यांनी एके दिवशी राजीनामा येतो. त्यातही कारण ‘वैयक्तिक’ असेच असते. जमाखर्च सांभाळणाऱ्या माणसाला येथे दोन प्रकारचे नुकसान दिसते. एक, कर्मचारी गैरहजर राहतो ते. हे हजेरीपटावर मोजता येते. दुसरे, तो हजेरीपटावर हजर असतो पण मनाने जागेवर नसतो ते. हे कोठेच लिहिले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य व चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात आणि उत्पादकतेचे नुकसान सुमारे एक लाख कोटी डॉलर इतके होते. रुग्णालयात मात्र हे नुकसान पैशात मोजून भागत नाही. मनाने थकलेल्या परिचारिकेच्या हाती इंजेक्शनची मात्रा असते, आणि म्हणून हा विषय रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्याही निकटचा आहे.

तरुणांचाच वेगळा विचार का?

हा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत विचारला गेला आणि तो रास्त होता. पन्नाशीतील कर्मचाऱ्यांना मन नसते असे थोडेच आहे! परंतु वयाचा हिशेब येथे महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात केव्हा ना केव्हा मानसिक आजार झालेल्यांपैकी निम्म्या व्यक्तींमध्ये त्याची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, तर तीन चतुर्थांश व्यक्तींमध्ये चोविसाव्या वर्षापर्यंत झाली होती, असे त्यात आढळले. हृदयविकार किंवा संधिवात साधारणतः उतारवयात गाठतात. मनाचे बहुतेक आजार मात्र शिक्षण संपून पहिला पगार हाती येतो त्या सुमारास किंवा त्याआधीच आलेले असतात. म्हणजे नवा कर्मचारी आपल्या दारात पाऊल ठेवतो तेव्हा त्याचे वय नेमके हेच असते.

भारतातील चित्रही पाहू. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. प्रौढ व्यक्तींपैकी १०.६ टक्के लोकांना सर्वेक्षणाच्या काळात कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. उपचार न मिळण्याचे एक कारण डॉक्टरांची कमतरता हे आहे. दुसरे कारण असे की ज्याला दुखते तो बोलत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या व ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. देशातील एकूण मृतांपैकी सुमारे एक तृतीयांश १८ ते ३० या वयोगटातील होते. या प्रत्येक मृत्यूमागे मानसिक आजारच होता असे म्हणता येत नाही; कौटुंबिक प्रश्न आणि आजारपण ही त्या अहवालातील प्रमुख कारणे आहेत. पण अशा प्रश्नांच्या काळात जो माणूस रोज आठ तास कामाच्या ठिकाणी असतो, त्याच्याशी तेथे कोणी काही बोलते की नाही, हा प्रश्न उरतोच.

आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयातील तरुण कर्मचारी कोण असतो, हेही देणगीदारांनी लक्षात घ्यावे. परिचारिकांपैकी अनेकजणी लातूर, नांदेड, सोलापूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांतील खेड्यांतून जी.एन.एम. करून येतात. शिक्षणासाठी घराने कर्ज काढलेले असते. पगारातील मोठा वाटा धाकट्या भावाच्या फीसाठी गावी जातो. वसतिगृहात एका खोलीत तिघी, आळीपाळीने रात्रपाळी, आणि दिवसा झोपायचे तर दारावरून लोकांची ये-जा. नोकरीच्या पहिल्याच वर्षात तिला आपल्या हाताखालचा पहिला मृत्यू पाहावा लागतो. मृतदेह आवरून, नातेवाइकांच्या सह्या घेऊन, चादर बदलून ती पुढच्या खाटेकडे वळते, कारण तेथील सलाईन संपत आलेले असते. शिक्षणक्रमात मृतदेह कसा आवरावा हे शिकवतात. नंतर आपण स्वतःला कसे आवरावे, यासाठी पाळीच्या वेळापत्रकात जागा नसते.

दुसरे उदाहरण देयक खिडकीवरील मुलाचे. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. ‘सध्या खाट शिल्लक नाही’ किंवा ‘उत्पन्नाचा दाखला चालणार नाही, तो जुना आहे’ हे सांगण्याचे काम त्या चोवीस वर्षांच्या मुलाकडे असते. नियम त्याने केलेला नसतो, पण संताप त्याच्यावर निघतो. रुग्णालयातील हिंसाचार रोखणारा महाराष्ट्राचा कायदा २०१० पासून आहे आणि त्यामुळे मारहाणीविरुद्ध तक्रार करता येते. शब्दांच्या माराची मात्र नोंद कोठे होत नाही. रुग्णांचे नातेवाईक स्वतःच भयंकर ताणाखाली असतात, हे आम्ही जाणतो. तरीही काचेपलीकडील त्या मुलाचे वय या निमित्ताने त्यांच्या कानावर घालावेसे वाटले.

शब्दांचा प्रश्न

मनाच्या दुखण्याविषयी बोलताना दोन पिढ्यांचे शब्दकोश निराळे आहेत. तरुण मुले ‘डिप्रेशन आलंय’, ‘अँक्झायटी होते’, ‘लो वाटतंय’ असे सहज म्हणतात. ज्येष्ठांना हे शब्द परीक्षेआधीच्या पोटदुखीसारखे, सबब म्हणून काढल्यासारखे वाटतात. उलट ज्येष्ठांच्या तोंडी ‘डोक्यावर परिणाम’, ‘वेडाचा झटका’, ‘नाटकं’ असे शब्द येतात आणि ते ऐकून तरुण कायमचे गप्प होतात. दोन्हींमध्ये थोडे तारतम्य हवे. दोन दिवस मन उदास असणे म्हणजे नैराश्य नव्हे. वैद्यकीय अर्थाने नैराश्य म्हणायचे तर उदासी किंवा कशातही गोडी न वाटणे किमान दोन आठवडे, जवळजवळ दररोज आणि दिवसाचा बराच वेळ टिकलेले असावे लागते. सोबत झोप, भूक, एकाग्रता यांवर परिणाम झालेला असतो, स्वतःविषयी हीनपणाची भावना असते आणि रोजचे काम अडते. त्याचप्रमाणे अलीकडे वारंवार कानावर येणारा ‘बर्नआउट’ हा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत बर्नआउट हा आजार म्हणून गणलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून तो नोंदविला आहे. पार गळून जाणे, कामाविषयी तुटकपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन अंगे. आमच्या मते ही व्याख्या व्यवस्थापनाने नीट वाचावी अशी आहे, कारण तीत ताण ‘न हाताळलेला’ असे म्हटले आहे आणि कामाची आखणी करणे हा व्यवस्थापनाचा प्रांत आहे.

आजाराचे नाव घेण्याची भीड कमी करण्यात महाराष्ट्रातील काही संस्थांचे कार्य मोठे आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आणि ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून हे काम करीत आहे. २००४ साली आलेल्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटामुळे स्किझोफ्रेनिया हा शब्द अनेक घरांत प्रथमच मोकळेपणाने उच्चारला गेला. नातेवाइकांच्या ओठांवर जो शब्द आला, तो कार्यालयात यायला मात्र अजून वेळ लागतो आहे. घरात समजून घेणारी माणसे असतात. कार्यालयात गोपनीय अहवाल, बढती आणि कराराचे नूतनीकरण असते. आणि अविवाहित मुलामुलींच्या बाबतीत आणखी एक भीती असते, ती म्हणजे स्थळ मोडण्याची. ‘लग्न ठरायचंय, कुठं बाहेर जायला नको’ हे वाक्य आमच्या कानावर औषधांच्या नावांपेक्षा अधिक वेळा आले आहे.

पहिले बोलणे

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत पर्यवेक्षकांना प्रशिक्षण द्यावे अशी शिफारस आहे. आपल्याकडे पर्यवेक्षक म्हणजे इन्चार्ज सिस्टर, प्रयोगशाळेचे वरिष्ठ तंत्रज्ञ, मुख्य रोखपाल, स्वच्छता विभागाचे मुकादम. या मंडळींनी रोगनिदान करावे अशी अपेक्षा मुळीच नाही. डोळ्यांना जे दिसले ते सांगावे आणि मग ऐकावे, इतकेच त्यांना शिकविण्याचा प्रयत्न आहे. प्रशिक्षणात वापरलेला एक संवाद नमुन्यादाखल देतो.

“अगं, दोन आठवडे बघतेय, डबा तसाच परत नेतेस. झोप होते का तुझी?”

“काही नाही सिस्टर, जरा दमलेय.”

“दमली असशील. पण परवा हँडओव्हर देताना तुझे डोळे भरून आले होते. सांगावंसं वाटलं तर सांग. घाई नाही. मी हे कुठे लिहून ठेवणार नाही.”

यात ‘डिप्रेशन’ हा शब्द नाही, सल्ला नाही, आणि ‘तुझ्या कामात चुका होतात’ असा ठपकाही नाही. परत गेलेला डबा आणि भरून आलेले डोळे या दोन पाहिलेल्या गोष्टी आहेत. त्या नाकारता येत नाहीत व त्यांनी अपमानही होत नाही. अशा वेळी समोरची व्यक्ती बहुधा पहिल्या खेपेस बोलत नाही. तीन-चार दिवसांनी औषधांच्या कपाटाची किल्ली परत करायच्या निमित्ताने येते आणि उभ्या उभ्या बोलून जाते. तोवर वाट पाहणे हे प्रशिक्षणातील सर्वांत कठीण अंग ठरले, कारण वॉर्डात वाट पाहण्याची सवय कोणालाच नसते.

उलटपक्षी काही वाक्ये चांगल्या हेतूने म्हटली जातात आणि दार बंद करतात. ‘आमच्या वेळी सलग दोन पाळ्या करायचो’, ‘इतका विचार करायचा नसतो’, ‘योगासनं कर’, ‘लग्न झालं की सगळं ठीक होतं’. योगासनांविषयी आम्हांस आदरच आहे. पण पाय मोडलेल्या माणसाला कोणी प्रथम सूर्यनमस्कार सांगत नाही. बोलण्याच्या जागेलाही महत्त्व आहे. नर्सिंग स्टेशनवर, लिफ्टमध्ये किंवा ड्युटीच्या व्हॉट्सॲप गटावर असा विषय काढू नये, अशी लेखी सूचना यंदा देण्यात आली आहे. विशेषतः त्या गटावर ‘काही जण नेमके रात्रपाळीलाच आजारी पडतात’ अशा धर्तीचे शेरे टाकण्यास पर्यवेक्षकांना मनाई आहे.

जिवाच्या धोक्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. ‘मरून जावंसं वाटतं का?’ असे विचारले तर त्या माणसाच्या डोक्यात नसलेला विचार आपण घालू, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ही समजूत चुकीची आहे. सरळ, शांतपणे विचारल्याने आत्महत्येचा विचार उत्पन्न होत नाही. ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याला बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, औषधांच्या साठ्यापाशी ड्युटी देऊ नये आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. केंद्र शासनाची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आता वसतिगृहातील प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतील बाजूस लावला आहे. बाहेरच्या सूचनाफलकावर लावला असता तर तो टिपून घेताना कोणी पाहील, ही शंका वसतिगृहातील मुलींनीच बोलून दाखविली होती.

गुप्तता : काय पाळता येते, काय नाही

‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देणे सोपे, पण ते मोजूनमापून द्यावे लागते. जिवाला धोका दिसला तर पर्यवेक्षकाला ती गोष्ट डॉक्टरांना सांगावीच लागेल. आणि हे बोलण्याच्या आरंभीच सांगितलेले बरे. बाकी सर्व बाबतीत मात्र गुप्तता कडक हवी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २३ ने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला असून उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचे बंधन घातले आहे.

रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यापुढे याबाबतीत एक अडचण आहे, जी बँकेच्या किंवा कारखान्याच्या कर्मचाऱ्यापुढे नसते. तो आपल्याच बाह्यरुग्ण विभागात गेला तर केसपेपर काढणारा त्याचा मित्र असतो, बाकावर बसलेले पाहणारी मावशी ओळखीची असते, औषध देणारी मुलगी त्याच वसतिगृहात राहते, आणि त्याची फाईल अभिलेख कक्षात सहकाऱ्याच्या हाताखालून जाते. मानसोपचार विभाग आपल्या इमारतीत आहे ही रुग्णांसाठी सोय, पण कर्मचाऱ्यांसाठी तीच अडसर. यावर उपाय म्हणून बाहेरील मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याची मुभा दिली असून शुल्काचा काही भाग संस्था सोसते. रजेच्या अर्जाचा नमुनाही बदलला आहे. आजारपणाच्या रजेसाठी आता ‘वैद्यकीय कारण’ एवढे लिहिणे पुरे. वैद्यकीय प्रमाणपत्र बंद पाकिटात वैद्यकीय अधीक्षकांकडे जाते व आस्थापना विभागाला केवळ ‘प्रमाणपत्र पाहिले’ अशी नोंद मिळते. क्षयरोग असो, गर्भपात असो वा नैराश्य, पाकीट सर्वांचे सारखेच. केवळ मनाच्या आजारासाठी वेगळे पाकीट ठेवले असते तर पाकिटानेच सारे सांगून टाकले असते.

कायदा, विमा आणि पगार

विश्वस्तांच्या माहितीसाठी या भागात काही तरतुदी दिल्या आहेत. इतर वाचकांच्या घरातील नोकरदार मुलांनाही त्या उपयोगी पडाव्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे. समान संधीचे धोरण तयार करून प्रसिद्ध करण्याचे बंधन त्यात खाजगी आस्थापनांवरही आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ ची भीती असे, आणि त्यामुळे घरचे लोक विषबाधा ‘चुकून झाली’ असे सांगत. २०१७ च्या अधिनियमातील कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुने कलम घेतलेलेच नाही. लोकसेवकाला काम करण्यास वा न करण्यास भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा गुन्हा ठेवला आहे.

विम्याबाबत याच अधिनियमाच्या कलम २१ मध्ये म्हटले आहे की शारीरिक आजारांना ज्या तत्त्वावर वैद्यकीय विमा दिला जातो त्याच तत्त्वावर तो मानसिक आजारांनाही द्यावा. विमा नियामकाने १६ ऑगस्ट २०१८ च्या परिपत्रकाने विमा कंपन्यांना तसे कळविले. मात्र बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होतात. आणि मनाच्या आजाराचा बहुतांश उपचार दाखल न होता, समुपदेशन व गोळ्यांनी होतो. तो खर्च कर्मचाऱ्याच्या खिशातून जातो. गटविमा घेताना संस्थाचालकांनी या कलमावर बोट ठेवून विचारणा करावी. मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कर्मचारी राज्य कामगार विमा योजनेत येतात. दीर्घकालीन आजारांसाठी या योजनेत विस्तारित आजारपण लाभ आहे. त्या आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजारही आहेत, आणि पात्रतेच्या अटी पूर्ण झाल्यास वेतनाच्या ८० टक्के दराने, वैद्यकीय शिफारशीनुसार कमाल दोन वर्षांपर्यंत तो मिळू शकतो. ही गोष्ट ज्यांना ठाऊक नसते, ते भीतीपोटी राजीनामा देतात. राजीनामा दिला की विमा थांबण्याची वाट मोकळी होते आणि उपचार सर्वाधिक गरजेच्या वेळी तुटतो. म्हणून ‘वैयक्तिक कारण’ लिहिलेला राजीनामा आला की तो स्वीकारण्यापूर्वी या लाभाची माहिती समक्ष द्यावी, असा शिरस्ता आता ठेवला आहे.

कामावर परतल्यानंतर

आठ दिवसांची रजा दिली म्हणजे कर्तव्य संपले, अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो. बरे वाटल्यावरही त्या निदान सहा महिने, आणि पुष्कळदा त्याहून अधिक काळ, डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवाव्या लागतात. आरंभी झोपाळूपणा, मळमळ असा त्रास होऊ शकतो. द्विध्रुवीय आजारात झोपेची घडी बिघडणे हे नव्या झटक्याचे निमित्त ठरू शकते; अशा कर्मचाऱ्यास रात्रपाळी न देणे ही मेहेरबानी समजू नये, अस्थमा असलेल्या कर्मचाऱ्याला धुळीच्या कोठारात न पाठविण्यासारखी ती साधी व्यवस्था आहे. लिथियमची गोळी घेणाऱ्यास ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते व शरीरातील पाणी कमी होऊ देऊन चालत नाही. त्याला दुपारच्या पाळीत पाणी प्यायला पाच मिनिटे मोकळी हवीत आणि तपासणीसाठी अर्धा दिवस सुटी हवी. या सवलतींसाठी मोठा खर्च येत नाही. पाळ्यांचा तक्ता करणाऱ्या व्यक्तीला कारण न सांगता ‘या कर्मचाऱ्यास तीन महिने रात्रपाळी नको’ इतकी चिठ्ठी वैद्यकीय अधीक्षकांकडून मिळाली की पुरते.

खरी कुरबुर सहकाऱ्यांची असते. एकीची रात्रपाळी दुसरीच्या वाट्याला जाते आणि ‘तिलाच का सूट?’ हा प्रश्न येतो. कारण सांगता येत नाही, म्हणून कुरबुर वाढते. गरोदर परिचारिकेची पाळी बदलते तेव्हा ती दिसते, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. न दिसणाऱ्या कारणाची मात्र झाडाझडती होते. यावर पूर्ण उपाय सापडलेला नाही. सध्या अतिरिक्त रात्रपाळी करणाऱ्यास त्याच महिन्यात बदली सुटी व रात्रपाळी भत्ता देण्याची व्यवस्था आहे. त्यामुळे तक्रारींचा सूर काहीसा खाली आला आहे, पण मनुष्यबळ कमी पडते त्या महिन्यात तो पुन्हा वर जातो.

समुपदेशकांचे देयक

शेवटी एक हिशेबाची बाब. कर्मचाऱ्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस सायंकाळी बाहेरील समुपदेशक येतात व त्यांचे मानधन संस्था देते. त्या प्रशासनास कोणताही अहवाल देत नाहीत. त्यांचे पहिले देयक लेखा विभागात आले तेव्हा त्यावर केवळ सत्रांची संख्या होती. लेखापरीक्षकांनी नियमाप्रमाणे विचारले की सेवा कोणाला दिली याचे प्रमाणक कोठे आहे? त्यांचे म्हणणे अयोग्य नव्हते. सार्वजनिक न्यासाचा पैसा नावगावाशिवाय खर्ची कसा टाकणार? दुसरीकडे नावे दिली तर त्या खोलीत पुन्हा कोणी पाऊल ठेवणार नाही, हेही उघड होते. बऱ्याच चर्चेअंती असा मार्ग निघाला. प्रत्येक कर्मचाऱ्यास समुपदेशक एक क्रमांक देतात. क्रमांक व नावे यांची यादी त्यांच्याच ताब्यात राहते. देयकास क्रमांक, तारखा आणि त्यांचे स्वाक्षरी केलेले प्रमाणपत्र जोडले जाते. लेखापरीक्षकांनी हे मान्य केले असून हा खर्च सोबतच्या ताळेबंदात ‘कर्मचारी कल्याण’ या शीर्षाखाली दाखविला आहे.

या उपक्रमासाठी एका देणगीदारांनी भरीव साहाय्य देऊ केले व आपल्या कै. मातोश्रींचे नाव त्या खोलीस द्यावे अशी इच्छा व्यक्त केली. त्यांना सविनय कळविण्यात आले की त्या खोलीच्या दारावर मुद्दामच कोणताही फलक लावलेला नाही. जुन्या लिनन विभागाशेजारील ती साधी खोली आहे आणि तेथे जाणारा कोठे चालला आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती निवडली आहे. त्यांनी ही अडचण समजून घेऊन देणगी कायम ठेवली. मातोश्रींचे नाव या अहवालातील देणगीदारांच्या यादीत, सर्वसाधारण निधीखाली, नोंदविले आहे.